दहा बैशांचा फरक

सोहारच्या पंपावर शफीकुल विचारायचा,
"सुपर की रेग्युलर, मॅडम?"
आणि मी, चौथ्या खेपेला लायसन मिळालेली बाई,
उगाच ताठ होऊन सांगायची, "सुपर."
साडीच्या दुकानात शिरल्या शिरल्या
वरच्या फळीकडे बोट दाखवावं, तशी.

हे शिकवलं ऑफिसातल्या गुळवण्यांनी.
"पंच्याण्णव टाका, गाडी पळते नुसती."
त्यांची पळते खरी.
पण ते चालवतातच अशी
की एक्क्याण्णव काय, ताक घातलं तरी पळेल.

माझी टीडा. बारा वर्षांची. मी तिची तिसरी मालकीण.
मूळ रंग कोणता, यावर शेजारणींत मतभेद आहेत.

मुबीन परकार, दापोलीकडचा,
फलजला गॅरेज, नखांत तीस वर्षांचं ग्रीस.
बॉनेटखाली डोकं ठेवूनच म्हणाला,
"ताई, ऑक्टेन म्हणजे ताकद नाय.
ऑक्टेन म्हणजे धीर.
दाबलं, तापवलं, तरी ठिणगी पडेस्तोवर
पेटायचं नाय, एवढंच.
ज्या इंजिनात लय दाबतात, त्याला हवा तो धीर.
तुझ्या इंजिनात कोण दाबतंय?
उरलेला धीर जातो धुराड्यातून."

मी हिशेबनीस. मला वाक्य पुरत नाही.
वही घातली.
चार टाक्या एक्क्याण्णवच्या, चार पंच्याण्णवच्या.
तोच रस्ता, घर ते सहमचं गोदाम,
टायरात तीच हवा, एसी तिसऱ्या आकड्यावर,
मागच्या सीटवर तोच डबा.
एक्क्याण्णव: लिटरला तेरा पूर्णांक एक.
पंच्याण्णव: तेरा पूर्णांक दोन.
तो एक दशांशसुद्धा त्या आठवड्यातला,
जेव्हा वारा पाठीमागून होता.

तरी शंका जाईना.
जूनमध्ये, सेहेचाळीस अंशांत,
वादी जिझ्झीच्या चढावर एसी बंद केला,
रेडिओ बंद केला, काचा उतरवल्या,
आणि चौथ्याच गिअरमध्ये रेटत
ऐकत राहिले, मुबीन म्हणतो ती टकटक येते का,
पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी.
घाम डोळ्यांत. मागचा ट्रकवाला
हॉर्नवरचा हात काढेना.
आणि आली! टकटक आली!
गाडी बाजूला घेतली, उतरले.
जेवणाच्या डब्याचं झाकण होतं. सैल.

त्यानंतर एक्क्याण्णव.
शफीकुलनं भुवईसुद्धा उचलली नाही.
इतकी वर्षं मला वाटायचं, तो बघतोय.

लिटरमागे दहा बैसे, महिन्याला चार टाक्या,
म्हणजे दीड रियालच्या वर थोडे.
बाजार उतरता असेल तर तेवढ्यात बांगडे येतात.
गुळवण्यांना वही दाखवली.
त्यांनी पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली.
"आकडे बरोबर असतील हो. पण फील?"
फीलचा रकाना मी आखलाच नव्हता.

काल रात्री मात्र पंपावर गेले ती नऊच्या पुढे.
पहाटे मस्कतला विमान उतरणार होतं,
त्यात श्रीकर,
अडीच वर्षांनी, दोनदा नाकारलेला व्हिसा
तिसऱ्यांदा हातात घेऊन.
माझा पगार, माझी सही, माझ्या नावावर येणारा नवरा.
पुढे दोनशे किलोमीटर सरळ काळा रस्ता.

शफीकुलनं न विचारता रेग्युलरची नळी उचलली.
मी म्हटलं, "आज सुपर."
त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा धुतलेल्या गाडीकडे.
रंग पांढरा निघाला होता.

दिव्याखाली वही उघडली.
तारीख, लिटर, किलोमीटर, सगळं लिहिलं.
आणि शेऱ्यात:
ही टाकी हिशेबात धरू नये.